पुराआधीचा धर्म

वसईच्या किनाऱ्यावरच्या भुईगावात १९५६ मध्ये एक शिलाखंड सापडला. सम्राट अशोकाच्या नवव्या लेखाचा तो तुकडा होता. त्याआधी, १८८२ मध्ये, जवळच्याच सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. या दोन तुकड्यांवरून अशोकाच्या लेखांची सगळी मालिकाच त्या काळच्या शूर्पारक बंदरात कोरलेली असावी, असे अभ्यासक मानतात. नवव्या लेखाचा विषय इथे लक्षात घेण्यासारखा आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, असे राजा त्यात सांगतो. ते करू नयेत असे तो म्हणत नाही. पण त्यांचे फळ थोडे आणि धर्ममंगलाचे फळ मोठे, अशी त्याची मांडणी आहे. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांबाबत संयम बाळगणे, दान करणे हे त्याच्या मते खरे मंगल. गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण मिळालेल्या याच मालिकेतला दुसरा लेख व्यवहारात उतरतो: माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय केली, जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या बाहेरून आणून लावल्या, वाटांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली. यातली वनस्पती लावण्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. औषधाचे रोप कोणी आजच्या रुग्णासाठी लावत नाही. रोप वाढेपर्यंत आजचा रुग्ण बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. ते रोप उद्या आजारी पडणाऱ्या, अजून कोणालाच ठाऊक नसलेल्या माणसासाठी असते.

या उद्याच्या, अनोळखी रुग्णाचे आपण काही देणे लागतो का, हा प्रश्न आज त्याच भूमीवर नव्याने उभा आहे. वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरून उतरलेले पाणी नाल्यांतून, शेतांतून, मिठागरांतून खाड्यांकडे जाते आणि भरतीच्या वेळी खाडी ते घेत नाही. २०११ च्या जनगणनेत या महापालिका क्षेत्रात बारा लाखांवर माणसे होती. त्यानंतर वस्ती वाढतच गेली आहे. जुलै २०१८ मध्ये सलग पडलेल्या पावसाने वसई आणि नालासोपाऱ्याच्या मधले रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या प्रवाशांना जवानांनी बाहेर काढले, मिठागरातल्या वस्तीत शेकडो लोक अडकले, वीज गेली. पुराच्या बातमीत होडी दिसते, जेवणाची पाकिटे दिसतात. चुकलेले डायलिसिस दिसत नाही. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्याला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर जावे लागते, आणि एका वेळच्या उपचाराला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी आणि चार तासांची अखंड वीज लागते. घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या म्हाताऱ्याचे, फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवणाऱ्या मुलीचे, नेमक्या त्या रात्री कळा सुरू झालेल्या बाईचे तेच. पाणी ओसरल्यावर अशांपैकी कोणी दगावले, तर घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, त्याचे तेवढेच आयुष्य होते. या वाक्याला किती जागा द्यायची, याचा हा विचार आहे. माझे म्हणणे असे: जे संकट येणार हे आधी कळू शकते, त्यात रुग्णाचा जीव गेला तर तो दैवाच्या खाती टाकण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, आणि रुग्णालय पुराला, उन्हाला, वादळाला तोंड देईल असे करून ठेवणे हे रुग्णसेवेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, धर्माचे काम आहे.

येणार हे कळू शकते, असे म्हणायला आधार काय? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हिशेब मांडला आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये त्यांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानुसार, आपला प्रदेश ज्यात मोडतो त्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. समुद्र तापतो, तापलेल्या समुद्रावरची हवा अधिक बाष्प उचलते आणि ते थोड्या तासांत एकदम कोसळते. उन्हाचेही तसेच आहे. किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर गेला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असला की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. आतल्या सपाट मुलखात हीच मर्यादा ४० अंशांची आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी तापमानही अंगावर येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात एका पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो भाविक जमले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. त्या उन्हाने १४ जण गेले. ती श्रद्धेने आलेली, सेवेची शिस्त अंगी बाणलेली माणसे होती. त्यांची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि त्यांच्या पूर्वकर्मात काही खोट होती असे म्हणण्याचे धाडस तर कोणीच करू नये. कमी पडली ती सावली, आणि दुपारच्या वेळेचा विचार.

दैवाची भाषा कुठे तोकडी पडते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते नवजात बाळाच्या बाबतीत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीच्या खाली होता. उन्हामुळे ताप चढून अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या बाळांची संख्या वाढली, तेव्हा तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. नंतर झालेल्या अभ्यासात अशा दाखल होण्याचे प्रमाण त्या बदलामुळे ६४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. औषध नवीन नव्हते, डॉक्टर तेच होते. फक्त खाटा जिना उतरून खाली आल्या. आता कर्मविपाकाचा कट्टर पुरस्कर्ता म्हणू शकेल की त्या बाळांचेही मागच्या जन्मीचे काही असेल. असेल, नसेल, पण मजला बदलल्याने फळ बदलले, हे समोर आहे. जे भोग खाट हलवल्याने टळतात, ते खाट न हलवता भोगू देणे हा भोगणाऱ्याच्या कर्माचा भाग कसा होईल? तो न हलवणाऱ्याच्या कर्माचा भाग आहे. कर्मसिद्धांत मानायचा तर पुरता मानावा. तो रुग्णाला लागू होतो तसा रुग्णालयाचा नकाशा मंजूर करणाऱ्यालाही होतो, नाला बुजवणाऱ्यालाही होतो, आणि हे सगळे पाहून गप्प बसणाऱ्यालाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेतल्या वैद्यांनी फार पूर्वी हाताळला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या रोगराईबद्दल आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, गंगेच्या काठी, काम्पिल्य नगरीजवळच्या रानात पुनर्वसु आत्रेय शिष्यांबरोबर फिरत आहेत. ते अग्निवेशाला सांगतात की वारा, दिशा, ग्रहनक्षत्रे यांची लक्षणे बिघडलेली दिसतात, ऋतूंची घडी विस्कटणार, आणि मग जमीन वनस्पतींत पूर्वीसारखा गुण उतरू देणार नाही. म्हणून आताच, विध्वंस येण्याआधी, औषधे गोळा करून ठेवा. शिष्य विचारतो की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळे, वय वेगळे, तरी एकाच वेळी एकाच रोगाने सगळे कसे मरतात? आत्रेयांचे उत्तर असे की हवा, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांच्या सामाईक आहेत. त्या बिघडल्या की माणसामाणसातला फरक उपयोगी पडत नाही. आणि त्या का बिघडतात? त्यांच्या मुळाशी अधर्म आहे. देशाचे, नगराचे, वस्त्यांचे प्रमुख धर्म सोडतात, त्यांच्या आश्रयाने राहणारे तोच अधर्म वाढवतात, आणि मग पाऊस वेळेवर पडत नाही, वारे नीट वाहत नाहीत, पाणी नासते. आजचे हवामानशास्त्र चरकात शोधण्याचा खटाटोप इथे करायचा नाही. कर्बवायूचा त्याला पत्ता नव्हता आणि तसा दावा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. पण सामाईक गोष्टी बिघडण्याला तो सामाईक, त्यातही सत्ता हाती असलेल्यांचे, दुर्वर्तन जबाबदार धरतो. आजाऱ्याकडे बोट दाखवत नाही. अस्मानी आणि सुलतानी अशी आपण संकटांची वाटणी करत आलो. आत्रेयांनी ती भिंत मुळात मानलीच नव्हती.

याच अध्यायात पुढे अग्निवेश तो नेमका प्रश्न विचारतो, जो पुरानंतर प्रत्येक घरात मनात येतो: आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेय दैव नाकारत नाहीत. मागच्या जन्मी केलेले कर्म म्हणजे दैव, या जन्मी केलेले ते पुरुषकार, आणि आयुष्य दोहोंच्या बळाबळावर अवलंबून, असे ते सांगतात. दुबळे दैव बळकट प्रयत्नापुढे हरते. मग ते एक बिनतोड युक्तिवाद करतात. सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते, तर दीर्घायुष्यासाठी औषधे, मंत्र, व्रते कोणी केली नसती. उधळलेल्या जनावरांपासून, कड्यांपासून, पाण्याच्या लोंढ्यांपासून कोणी स्वतःला जपलेही नसते. आपण रोज जपतो, म्हणजे ठरलेल्या आयुष्यावर आपला खरोखर विश्वास नाही. तो विश्वास आपल्याला आठवतो तो दुसऱ्याच्या मृत्यूनंतर, आणि तोही बहुतेक वेळा काही करायचे राहून गेले असेल तेव्हा. या विचाराला आजच्या रुग्णालयात एक पाऊल पुढे न्यावे लागते. अतिदक्षता विभागातल्या माणसाकडे स्वतःचा पुरुषकार उरलेला नसतो. तो उठू शकत नाही, पळू शकत नाही, कधी श्वासही यंत्राने घेतो. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी १३ कोविड रुग्ण गेले. त्या आगीचा पावसापाण्याशी संबंध नव्हता, पण अशा खोलीत माणूस किती परस्वाधीन असतो हे तिने सगळ्या तालुक्याला दाखवले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अड्यार नदीचे पाणी एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या जनरेटरपर्यंत पोचले, वीज गेली, आणि त्या दिवसांत तिथले अतिदक्षता विभागातले १८ रुग्ण दगावल्याची नोंद आहे. मृत्यूंच्या कारणांवरून पुढे वाद झाला. वादात कोणीही जिंको, जनरेटर पाण्याच्या पातळीखाली होता. अशा रुग्णाने आपला सगळा पुरुषकार आपल्या हवाली केलेला असतो. त्याच्या वाट्याचा प्रयत्न आपण केला नाही, तर त्याच्या दैवाला कोणाशी झुंजायची संधीच मिळत नाही.

वसईत हा विचार केवळ हिंदू ग्रंथांच्या आधारे मांडून चालणार नाही. इथल्या कितीतरी घरांत संध्याकाळी रोझरी होते, आणि तिथे आक्षेप वेगळा असेल: उद्याची चिंता करू नका, असे प्रभूनेच सांगितले आहे ना? मत्तयच्या शुभवर्तमानातला तो उपदेश माणसाच्या स्वतःच्या अन्नवस्त्राच्या काळजीबद्दल आहे. दुसऱ्याच्या अन्नाबद्दल बायबल काय म्हणते ते पाहायचे तर उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ पाहावा. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना तो स्पष्ट म्हणतो की सात वर्षांचा दुष्काळ देवाने ठरवलेला आहे. देवाने ठरवले आहे म्हणजे करण्यासारखे काही नाही, असा निष्कर्ष मात्र तो काढत नाही. त्याच श्वासात तो सुगीच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवण्याची योजना मांडतो. देवाची इच्छा आणि माणसाचे कोठार यांत त्याला विरोध वाटला नाही. इशारा मिळणे हीच त्याच्या लेखी देवाची कृपा होती. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही मला शेवटचा, सहसा घाईने वाचला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. वाटेत सापडलेल्या घायाळ माणसाच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून तो थांबत नाही. सराईवाल्याला दोन नाणी देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगतो. त्याची दया रस्त्यावर सुरू होते आणि व्यवस्थेत पूर्ण होते. मुस्लिम परंपरेतली उंटाची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे: आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. हवामान खात्याचा पाच दिवस आधीचा लाल इशारा श्रद्धावंताने कसा वाचावा, याबद्दल या तिन्ही परंपरांत मला मतभेद दिसत नाही.

मग आपल्याकडे पुरानंतरच्या सेवेला इतका मान आणि पुराआधीच्या तयारीला इतकी उपेक्षा का? कारण सेवेला चेहरा असतो. भिजलेल्या म्हातारीला होडीतून उतरवून घेणाऱ्या तरुणाला तिचे डोळे दिसतात, आशीर्वाद मिळतो, पुण्य हाताला लागल्यासारखे वाटते. विजेचे पॅनेल तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेणाऱ्या इंजिनिअरला यातले काहीच मिळत नाही. पूर आला नाही तर खर्च वाया गेला असे म्हणतात. पूर आला आणि कोणी मेले नाही, तर सांगण्यासारखी बातमीच उरत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ जवळ येत असताना मुंबई महापालिकेने तात्पुरत्या कोविड केंद्रांतल्या ५८० रुग्णांना आधीच पक्क्या इमारतींत हलवले. १७ मे रोजी वादळ किनाऱ्याजवळून गेले. ते ५८० जण कोण होते, त्यांना कोणी हलवले, हे आज कोणाला आठवते? फळाची आशा न धरता कर्म करावे, हे गीतेचे सांगणे आपण इतके ऐकले आहे की त्याची धार जाणवत नाही. प्रत्यक्षात निष्काम कर्माचे उदाहरण द्या म्हटले तर आपण फळ सुखाने मिळालेल्या माणसांचीच नावे घेतो. संकटाआधीची तयारी हे त्या कर्माचे सर्वांत चोख रूप आहे, कारण तिचे फळ म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणाला घेता येत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहाचा विचारही हेच मागतो: ज्ञात्याने स्वतःला काही मिळवायचे नसतानाही लोकांची घडी टिकावी म्हणून काम करत राहावे.

आता सर्वांत जड आक्षेप. ज्या सरकारी दवाखान्यात आजच डॉक्टर पुरेसे नाहीत, खाटेवर दोन-दोन रुग्ण आहेत, तिथे उद्याच्या पुरासाठी पैसा काढणे म्हणजे समोरच्या रुग्णाच्या तोंडचा घास काढणे नव्हे काय? हा आक्षेप माणुसकीतून आलेला आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने वाटेला लावू नये. त्याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. बराचसा खर्च आजच्याच रुग्णाच्या उपयोगी पडतो. गच्चीला पांढरा लेप दिला तर वरच्या मजल्यावरचा रुग्ण याच मे महिन्यात सुखावतो. साठवणीची टाकी मोठी केली तर टँकर न आलेल्या दिवशीही डायलिसिस चालते, आणि वसई-विरारमध्ये टँकर न येण्यासाठी वादळ लागत नाही. डायलिसिसच्या रुग्णांची, आठवा-नववा महिना भरलेल्या बायांची, घरी ऑक्सिजनवर असलेल्यांची यादी वॉर्डवार करून ठेवायला फारसा पैसा लागतच नाही. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळणारी गोळी ७२ तासांच्या आत द्यायची तर ती पावसाळ्याआधी दवाखान्यात हवी, एवढेच. काही कामे मात्र खरोखर महाग आहेत, आणि काही एकमेकांच्या विरोधात जातात. उन्हाचा विचार केला तर रुग्ण गच्चीखाली नको. पुराचा विचार केला तर तळमजल्यावर नको. म्हणजे खाटा मधल्या मजल्यांवर, जनरेटर आणि विजेचे पॅनेल पुराच्या रेषेच्या वर, आणि औषधांचे भांडार, रक्तपेढी, ऑक्सिजनची जोडणी यांचा नव्याने विचार. वसईच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयासारख्या जुन्या सार्वजनिक रुग्णालयांसाठी हे काम पालिकेच्या अंदाजपत्रकातूनच व्हायला हवे. तिथे निवड करावी लागेल. पण ती निवड आजचा रुग्ण की उद्याचा, अशी नसते. उद्याच्या पुरात पहिल्यांदा बुडणारा हा आजच दोघांत एका खाटेवर झोपलेला माणूस असतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो गाडी काढून मुंबईला जातो. खरी निवड रुग्णालय आणि इतर खर्च यांच्यात असते, आणि ती आपण दरवर्षी करतच असतो, फक्त तिला निवड म्हणत नाही.

आणखी एक आक्षेप न्यायाचा आहे. जग तापवले ते श्रीमंत देशांनी. भारतातल्या माणसाचे वार्षिक उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग नालासोपाऱ्याने भुर्दंड का भरावा? तक्रार खरी आहे आणि ती जागतिक व्यासपीठांवर जोराने मांडलीच पाहिजे. तरी खटल्याचा निकाल लागेपर्यंत रुग्णाला थांबवता येत नाही. शिवाय वसईत शिरणाऱ्या पाण्याचा काही भाग आपलाच आहे. २०१८ च्या पुरानंतर पालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांना अभ्यासाला लावले. पण नैसर्गिक नाले अरुंद झाले, पाणथळ जागांवर भराव पडला, हे गावोगावच्या लोकांना त्याआधीही दिसत होते. वाड्यांमधली बावखले, पावसाचे पाणी धरून ठेवणारी आणि विहिरी गोड राखणारी, एकेक करून बुजत गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरूच्या झग्यात हरित वसईसाठी आवाज उठवला तेव्हा झाडे आणि पाणी हा पाद्र्याचा विषय कसा, असे विचारणारे होते. तो त्यांचा विषय होताच. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या जपणुकीवर लिहिलेले परिपत्रक येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. या हिशेबात रुग्णालयांनी स्वतःकडेही पाहायला हवे. जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा २०१९ च्या एका जागतिक अभ्यासाने ४.४ टक्के काढला आहे. जी संस्था जीव वाचवते तिच्याच विजेच्या, इंधनाच्या, कचऱ्याच्या धुराने उद्याचे रुग्ण तयार व्हावेत, हे अहिंसेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. छतावरच्या सौर पाट्या वीज गेल्यावर लसींचा फ्रिजही चालू ठेवू शकतात, बरोबर बॅटरी असली तर. इथे पापक्षालन आणि सावधगिरी एकाच खर्चात होतात.

शेवटी कोणी म्हणेल, हे सगळे सरकारचे काम आहे, त्यात धर्म कशाला आणता? केंद्राचा हवामान बदल आणि मानवी आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आहे, योजना कागदावर आहेत, त्या राबवाव्यात. मान्य. अशोकानेही औषधी वनस्पती राजा म्हणूनच लावल्या होत्या, आणि दानधर्माने शासनाची जबाबदारी हलकी होता कामा नये. पण शासन त्याच गोष्टीकडे वळते जिच्याबद्दल लोकांना लाज वाटते. रुग्णालयात पाणी शिरून माणूस मेला, तर तो नशिबाचा खेळ मानणाऱ्या समाजात कोणताही अधिकारी पॅनेल वर नेण्याची घाई करणार नाही. लाज वाटायला लावणे हे धर्माचे जुने काम आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून तेच केले, आणि तेवढ्यावर न थांबता धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. वसई-विरारमध्ये जीवदानीच्या देवळापासून पापडीच्या चर्चपर्यंत, सोपाऱ्याच्या मशिदींपासून गणेशोत्सव मंडळांपर्यंत माणसे जमवण्याची ताकद आहे, सभागृहे आहेत, तरुण स्वयंसेवक आहेत. उन्हाच्या लाटेत सावलीची, पुरात उंचावरची जागा म्हणून ही सभागृहे आधीपासून ठरवून ठेवता येतील. धर्मादाय रुग्णालये चालवणाऱ्या संस्थांना तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः देवस्थानांच्या विश्वस्तांना, पॅरिश कौन्सिलांना, मशिदींच्या कमिट्यांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. यंदा मे महिना संपण्याआधी आपापल्या भागातल्या रुग्णालयात जा, सरकारी असो वा खासगी, आणि चार प्रश्न विचारा. जनरेटर कोणत्या उंचीवर आहे? वीज गेली तर ऑक्सिजन आणि डायलिसिस किती तास चालेल? बाळंतिणी कोणत्या मजल्यावर आहेत? रस्ता बुडाला तर रुग्ण कुठे आणि कसे हलवायचे, हे लिहून ठेवले आहे का? उत्तरे लेखी मागा, ती प्रवचनातून, चर्चमधून, जुम्म्याच्या नमाजानंतर लोकांना वाचून दाखवा, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही सांगा. महापालिकेकडे त्याच कागदाची प्रत द्या आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद झाली का, ते पाहायला पुन्हा जा.